गैरहजर राहाल तर निवडून याल

"एका संध्याकाळचं काम आहे," लॉर्न टकाचुक बायकोला म्हणाला. "कायदा वाचायचा, नवी नियमावली टाइप करायची, सभेत मंजूर करून घ्यायची आणि चिटणीसपद दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारून मोकळं व्हायचं. पहिला बर्फ पडायच्या आत आपण ॲरिझोनात."

वेरनानं टोस्टला लोणी लावता लावता नुसतं "हं" केलं. वेरनाच्या "हं"चा अर्थ होकार असतो, असं लॉर्ननं लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं, आणि तसं ठरवल्याचं तिला सांगायचं राहून गेलं होतं.

मंडळात काम केलेल्या कुठल्याही माणसाला 'एका संध्याकाळचं काम' हे शब्द ऐकले की कंबरेत उसण भरते. लॉर्नला तर जास्तच कळायला हवं होतं. थिंबल क्रीकच्या सभागृह मंडळाचा तो इतकी वर्षं चिटणीस होता, की गावातल्या नव्या पिढीला चिटणीस हे त्याचं आडनावच वाटायचं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणजे काय, ते त्याला विचारावं. हॉलचं छप्पर गळलं की लॉर्न, नळ गोठला की लॉर्न, शनिवारी रात्री नाचून दमलेल्या कुणाला मागच्या पायऱ्यांवर ओकारी झाली की रविवारी सकाळी बादली घेऊन लॉर्न. आता तो थकला होता. साधा नव्हे, हाडात उतरतो तसला थकवा. हॉलचा फोन वाजला की त्याचे खांदे आपोआप खाली यायचे.

म्हणून यंदा सुटायचंच, असा त्यानं निश्चय केला होता. निश्चयाचा पुरावा अंगणात उभा होता. वसंतात वेरना बहिणीकडे गेली असताना त्यानं एक मोटारघर घेऊन टाकलं होतं. आत पलंग, चूल, न्हाणीघर, सगळं. ती परत आली तेव्हा तिच्या ट्यूलिपच्या वाफ्यापुढे ही भलीमोठी पांढरी भिंत. "तुझ्या गुडघ्यांसाठी," लॉर्न म्हणाला. "आता दर हिवाळा उन्हात." वेरना बॅग हातात धरून बराच वेळ बघत राहिली. आनंदानं तिला शब्दच सुचेनात, असं लॉर्न तेव्हापासून भेटेल त्याला सांगत होता.

तो चिटणीस झाला होता तोही स्वतःच्या मर्जीनं नव्हे. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भुलीखाली होता, तेव्हा झाला. थिंबल क्रीकमध्ये रीतच होती तशी: वार्षिक सभेला जो हजर नसेल त्याला निवडून द्यायचं. रीत कुणी पाडली ठाऊक नाही, पण पाडणारा हुशार असला पाहिजे. समोर बसलेला माणूस नको नको म्हणतो, नसलेला काही म्हणत नाही. अध्यक्ष डेल गवताचे गठ्ठे विकायला शहरात गेला असताना अध्यक्ष झाला. खजिनदार मधुचंद्राला गेला असताना निवडून आला, आणि त्याची बायको अजून मंडळातल्या लोकांशी सरळ तोंडानं बोलत नाही.

त्यामुळे वार्षिक सभेला अख्खं गाव लोटायचं. अंगात ताप असला तरी लोक यायचे. एक वर्षी पायाला प्लास्टर घातलेला एक जण पिकअपच्या मागे गादीवर आडवा पडून आला, आणि हॉलच्या खिडकीशी गाडी लावून सभाभर हात हलवत राहिला, न जाणो कुणाला दिसलो नाही तर. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, काय या गावाची सामाजिक जाणीव, आमच्याकडे सभेला कुत्रं फिरकत नाही. गावकरी विनयानं माना खाली घालायचे.

अशा सुखी गावात राजधानीतून पत्र आलं. प्रांतात संस्थांसाठी नवा कायदा झालेला आहे. प्रत्येक मंडळानं त्याप्रमाणे नियमावली करून, सभेत मंजूर करून, अमुक मुदतीत नोंदवावी. न नोंदवल्यास मंडळ बरखास्त होईल. बरखास्त मंडळाच्या हॉलचं पुढे काय, ते मोघम भाषेत लिहिलं होतं, आणि सरकारी कागदातला मोघमपणा हा धमकीपेक्षा वाईट असतो.

मंडळाची जुनी नियमावली लॉर्ननं शोधून काढली. तिच्यात घोडे कुठे बांधायचे याची तीन कलमं होती, शेगडीच्या अलीकडे थुंकू नये असं एक होतं, आणि स्त्रियांनी सँडविच आणावीत असं एक होतं. ती खिशात घालून राजधानीत जाण्यात अर्थ नव्हता. नवीच करायला हवी होती.

पहिल्या संध्याकाळी तो व्याख्या वाचत बसला. दुसऱ्या संध्याकाळी त्याला कळलं की काल आपण वाचला तो सहकारी संस्थांचा कायदा होता. तिसऱ्या संध्याकाळी चष्म्याचा नंबर वाढल्यासारखा वाटला. स्वयंपाकघरातलं टेबल कागदांनी भरलं, वेरनाचं गोधडीचं काम खुर्चीवर गेलं, मग खुर्चीवरून मांडीवर आलं. सप्टेंबर संपत आला तरी ती एक संध्याकाळ काही संपेना.

आणि मग एकदा, कलमांच्या जंगलात वाट चुकलेला असताना, त्याला ते कलम भेटलं. त्यानं ते मनात वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून उभाच राहिला.

"वेरना, ऐक. कोणाचीही निवड तिच्या किंवा त्याच्या संमतीशिवाय होणार नाही. संमती लेखी हवी. नाहीतर तो माणूस सभेला हजर हवा, आणि त्यानं नकार दिलेला नसावा. कळलं का तुला? गैरहजर माणसाला आता कुणी निवडूच शकत नाही."

वेरनानं कात्री खाली ठेवली. "पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"हजर हवा, आणि नकार दिलेला नसावा," वेरना एखादी पाककृती पाठ करावी तशी म्हणाली. "चांगला आहे की कायदा." आणि तिनं कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी लॉर्ननं राजधानीतल्या कचेरीला फोन लावला. मी भुलीखाली असताना निवडून आलेला आहे, तेव्हा माझी निवडच बेकायदा नाही का, असं त्यानं आशेनं विचारलं. पलीकडची बाई फार गोड होती. ती म्हणाली, तुमची निवड जुन्या कायद्याखालची आहे, जुन्या कायद्यानं भुलीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. तुमच्या जागी दुसरा कुणी रीतसर निवडून येईपर्यंत तुम्हीच चिटणीस. आणि इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल तिनं त्याचं अभिनंदन केलं.

म्हणजे सभा घेणं आलं. सभेत नियमावली मंजूर करायची आणि नवा चिटणीस निवडायचा. अध्यक्ष आणि खजिनदार यांची मुदत अजून शिल्लक होती. रिकामी होणार होती ती एकच खुर्ची. लॉर्ननं मन लावून नोटीस लिहिली. आणि शेवटी, आपण गावावर केवढे उपकार करतो आहोत हे लोकांना कळावं म्हणून, ठळक अक्षरात एक ओळ घातली: 'नव्या कायद्यानुसार यापुढे गैरहजर व्यक्तीची निवड करता येणार नाही.'

वेरनानं नोटीस वाचली. "ही शेवटची ओळ राहू देणार आहेस?"

"तीच तर मुख्य आहे."

"हं," वेरना म्हणाली.

नोटीस पोस्टाच्या पेट्यांशेजारी लागली आणि लॉर्न गावाचा हिरो झाला. दुकानात त्याला कॉफीचे पैसे पडेनात. डेलनं रस्त्यात पिकअप थांबवून, खाली उतरून त्याचा हात हातात घेतला. डेल सावकाश बोलणारा माणूस, त्याचं एक वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याची गाय विऊन होते. तो म्हणाला, "लॉर्न, माझी पोरगी... दर वर्षी सभेच्या दिवशी तिचा हॉकीचा सामना असतो. एकही पाहिला नाही मी. यंदा बघीन." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लॉर्नचेही डोळे भरून आले. डेल नेमकं काय म्हणाला, हे त्या भरात त्याच्या लक्षात आलं नाही.

सभेच्या दिवशी मॅव्हिसबाईंनी सकाळपासून हॉलचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मॅव्हिसबाई ऐंशी उलटलेल्या, आणि हॉलच्या चुलीवर त्यांची सत्ता लॉर्नच्या चिटणीसपदाहून जुनी. साऱ्या गावाला पुरतील इतके बटर टार्ट, म्हणजे लोणी-साखरेचं सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या, त्यांनी भाजले. लॉर्ननं शेगडी पेटवली, खुर्च्या मांडल्या, नियमावलीच्या प्रती प्रत्येक खुर्चीवर ठेवल्या. वेरना पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसली.

सभेची वेळ झाली. मग ती होऊन गेली. टार्ट गार झाले.

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं आणि डेलचं डोकं आत आलं. बाहेर पिकअपचं इंजिन चालूच होतं. "लॉर्न, ते... खरंच ना? नसलेल्या माणसाला निवडता येत नाही?"

"खरंच."

"नक्की?"

"कायद्यात आहे, डेल. आत ये ना."

डेल विचार करू लागला. "लोक नाहीत, म्हणजे सभा नाही," तो अखेर म्हणाला. "सभा नाही, तर अध्यक्षाचं काय काम?" आणि डोकं बाहेर गेलं. पिकअप हॉकीच्या मैदानाकडे वळल्याचं खिडकीतून दिसलं.

तेव्हा कुठे लॉर्नच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं या हॉलमध्ये सामाजिक जाणीव येत नव्हती, भीती येत होती. आणि ती भीती त्यानं स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरात, घालवून टाकली होती.

"पोरा," मॅव्हिसबाई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातानं उभ्या राहून म्हणाल्या. लॉर्न सत्तरीला टेकला होता, पण त्यांच्या लेखी पोरच. "माझे टार्ट या हॉलमधून परत कधी गेले नव्हते. युद्धात साखर मिळत नव्हती तेव्हासुद्धा नाही. तुला कायदा वाचायला कुणी सांगितलं होतं?"

कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली. तहकूब झाल्याचं ऐकायलाही लॉर्न, वेरना आणि मॅव्हिसबाई सोडून कुणी नव्हतं.

मग लॉर्न दारोदार फिरला. प्रत्येक घरी त्याचं स्वागत झालं, प्रत्येक घरी कायद्याचं कौतुक झालं, आणि प्रत्येक घरी त्याला कॉफी मिळाली, इतकी की त्याला रात्रभर झोप येईना. सभेला यायला कुणी तयार नव्हतं. लाकडाच्या गिरणीवाल्यानं तर त्याला कलमाचा दुसरा भाग समजावून सांगितला. हजर असेल आणि नकार दिला नसेल तर निवड पक्की, हेही त्यातच आहे ना? मग हजर राहण्यातच खरा धोका. समजा ऐन वेळी शिंक आली. समजा घास तोंडात आहे. त्यापेक्षा घरीच बसलेलं बरं, तिथे कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

हा मुद्दा गावात पसरला आणि पसरता पसरता सुजला. आधी लोक म्हणत होते, सभेला जाऊ नये. मग म्हणू लागले, सध्या हॉलमध्येच जाऊ नये, कुठून सभा सुरू करतील सांगता येत नाही. गुरुवारचा पत्त्यांचा अड्डा गिरणीत भरू लागला. लहान मुलांचा नाच कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गेला. ठरलेलं एक लग्न हॉल सोडून गोठ्यात लागलं. नवरा म्हणे बोहल्यावर 'हो' म्हणायला तयार होता, पण एकाच गोष्टीला. मंगळवारी बायका गोधड्या शिवायला जमायच्या, तिथे आता वेरना आणि मॅव्हिसबाई दोघीच समोरासमोर बसत. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तसं झालं होतं. मंडळ कायद्यात बसवायला निघालेल्या लॉर्ननं हॉल रिकामा करून दाखवला होता.

दरम्यान झाडं पिवळी होऊन झडली. सकाळी गवतावर दहिवर दिसू लागलं. गावातली बाकीची दोन मोटारघरं हॉर्न वाजवत दक्षिणेला निघून गेली. लॉर्ननं आपल्या मोटारघराच्या भिंतीवर ॲरिझोनाचा नकाशा चिकटवला होता. संध्याकाळी तो आत जाऊन त्याच्यासमोर बसे. कोरम नाही, म्हणून नियमावली नाही, म्हणून नवा चिटणीस नाही, म्हणून ॲरिझोना नाही. मुदत जवळ येत होती. चुकली तर हॉल जाणार, आणि पुढची शंभर वर्षं लोक म्हणणार, लॉर्ननं घालवला. त्याला खरंच रडू यायचं. पण मोटारघर इतकं लहान, की त्यात माणसाला नीट रडताही येत नाही, कोपर चुलीला लागतं.

युक्ती सुचली ती मॅव्हिसबाईंना. "सभेला बोलावलंस म्हणून आले नाहीत," त्या म्हणाल्या. "जेवायला बोलाव. तुम्ही दोघं चाललात ना? निरोपाचं जेवण ठेवू. तुला निरोप द्यायला नाही आले तर गावाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"पण सभेची नोटीस आधी द्यावी लागते, बाई. कायदा आहे."

"मग दे की. निमंत्रणाच्या मागच्या बाजूला. निमंत्रण उलटं करून बघणारा माणूस या गावात अजून जन्मायचाय."

निमंत्रणं वेरनानं स्वतः, सुरेख अक्षरात लिहिली. पुढे 'लॉर्न आणि वेरना यांना प्रेमाचा निरोप', मागे बारीक अक्षरात सभा, नियमावली, एका जागेची निवड. लॉर्नला वाटलं, बिचारीला निघायची किती घाई झाली आहे.

आणि गाव आलं. झाडून आलं. कुणी कोबीचे रोल आणले, कुणी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोग्या, कुणी हरणाच्या मांसाचा रस्सा. लॉर्नला भेट म्हणून एक घडीची खुर्ची आणि उन्हाची गवती टोपी मिळाली. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या, दोघांनी त्याच्याकडून उसनी नेलेली हत्यारं परत आणून दिली. लॉर्नला जड वाटत होतं आणि हलकंही. त्यानं कोबीचे रोल दोनदा वाढून घेतले, मग मॅव्हिसबाईंच्या आग्रहानं तिसऱ्यांदा.

सगळ्यांची पोटं भरली, तशा मॅव्हिसबाई उठल्या. त्यांनी दाराला कडी घातली, दारापुढे खुर्ची ओढली आणि तिच्यात बसून हातातलं लाटणं मांडीवर ठेवलं. "डेल," त्या म्हणाल्या, "सभा सुरू कर."

कुणीतरी हळूच निमंत्रण उलटं केलं. मग सगळ्यांनीच केलं. डेलनं खिडकीकडे पाहिलं, मॅव्हिसबाईंकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि सभा सुरू केली.

डेलनं नियमावली वाचायला घेतली. त्याच्या वाचनात स्वल्पविरामालासुद्धा स्वतंत्र मुक्काम असे. लॉर्न शेगडीजवळ, नव्या घडीच्या खुर्चीत, वेरनाच्या शेजारी बसला होता. प्रत्येक शब्द त्यानंच टाइप केलेला, त्याला पाठ होता. पंधराव्या कलमाच्या सुमारास नियमावली मंजूर झाली, एकमतानं, कारण विरोध केला तर पुन्हा वाचतील ही भीती सगळ्यांना होती. हात वर झालेले लॉर्ननं पाहिले. घोडं गंगेत न्हालं. हॉल वाचला. त्याच्या छातीतून इतका लांब श्वास बाहेर पडला, की तो किती वर्षं आत अडकला होता कोण जाणे.

राहिली निवडणूक. डेलनं पहिलं नाव घेतलं. "नकार," तो माणूस नाव पुरं व्हायच्या आत म्हणाला. दुसरं नाव. "नकार." कायद्याचा असा अभ्यास साऱ्या प्रांतात कुणी केला नसेल. लहान पोरं नकार म्हणू लागली. मॅव्हिसबाईंनी एकाला कॉफी हवी का विचारलं, तर तोही दचकून "नकार" म्हणाला. ओळीनं येणारे ते नकार लॉर्नच्या कानावर दुरून, लयीत, पडत होते. शेगडीची ऊब पाठीला लागत होती. पोटात कोबीचे रोल बसले होते. त्यानं गवती टोपी जराशी पुढे ओढली, डोळ्यांवर दिव्याचा उजेड येत होता म्हणून.

जाग आली ती टाळ्यांनी.

सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं, हसत होतं, काही जण तर डोळे पुसत होते. आपला निरोप सुरू झाला, हे लॉर्नच्या लक्षात आलं. तो धडपडत उठला, टोपी काढून चौफेर हलवली आणि म्हणाला, "आभारी आहे. मनापासून आभारी आहे. मला एवढं प्रेम मिळेल असं वाटलं नव्हतं."

टाळ्या दुपटीनं वाढल्या. "चिटणीसांनी आभार मानलेले आहेत," डेल म्हणाला. "तसं... इतिवृत्तात घ्या, लॉर्न."

समजायला त्याला थोडा वेळ लागला. त्याचं नाव सुचवलं गेलं होतं. डेलनं ते तीनदा पुकारलं होतं, आणि डेल तीनदा पुकारतो म्हणजे किती वेळ मिळतो, ते सगळ्यांना ठाऊक. माणूस हजर होता. नकार आला नाही. "राजीनामा देता येतो तुला," डेल त्याची समजूत घालत म्हणाला. "सतरावं कलम, तूच लिहिलंयस. लेखी द्यायचा. चिटणीसाकडे."

गाव पांगलं. जाताना प्रत्येकानं त्याचा हात दाबला, आणि दोघांनी ती हत्यारं पुन्हा उसनी नेली. मॅव्हिसबाईंची टार्टची परात चाटूनपुसून रिकामी झाली होती, त्या गुणगुणत तिला घासत होत्या. लॉर्न घडीच्या खुर्चीत बसून राहिला.

"तू माझ्या शेजारीच होतीस," तो वेरनाला म्हणाला. "एक कोपर मारलं असतंस तर."

"मारता आलं असतं."

"माझं नाव सुचवलं कुणी?"

"मी." वेरनानं विणकामाचा टाका पुरा केला. "अनुमोदन मॅव्हिसबाईंचं."

"तू? पण ॲरिझोना? आपलं मोटारघर?"

"ते तू आणलंस तेव्हा मी कुठे होते?"

"बहिणीकडे. पण परत आल्यावर मी दाखवलं की तुला. तू तिथेच उभी होतीस."

"आणि मी काय म्हणाले?"

लॉर्न आठवू लागला. त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला.

"हजर होते," वेरना म्हणाली, "आणि नकार दिला नव्हता." तिनं सुया पिशवीत घातल्या. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "माझे मंगळवार इथे आहेत, लॉर्न. माझी माणसं इथे आहेत. मला त्या डब्यात सहा महिने तुझे पाय ओलांडत फिरायचं नाहीये. गुडघे माझे आहेत. मला विचारायचं होतंस."

लॉर्ननं घडीची खुर्ची मिटली आणि तिची पिशवी उचलली. घरी जाताना पिकअपच्या दिव्यांत बर्फाचे पहिले कण उडताना दिसले. वळणाशी आल्यावर त्यानं विचारलं, "वेरना, त्या मोटारघराचं काय करू या?"

असा प्रश्न तिला संसारात पहिल्यांदाच आला असावा, कारण तिनंही उत्तर द्यायला घर येईपर्यंत वेळ घेतला.

तिच्या सांगण्यावरून मंडळाचे सगळे कागद स्वयंपाकघराच्या टेबलावरून उठले आणि मोटारघरात गेले. वेरनाला टेबल मिळालं. नियमावली मुदतीच्या आत नोंदली गेली. कचेरीतल्या त्या गोड बाईनं फोन करून लॉर्नचं पुन्हा अभिनंदन केलं. हॉलमध्ये मंगळवारी बायका येतात, गुरुवारी पत्ते येतात, नळ गोठतो आणि फोन वाजतो.

लॉर्न आता रोज संध्याकाळी बर्फ तुडवत मोटारघरात जातो, हीटर लावतो आणि ॲरिझोनाच्या नकाशाखाली बसून इतिवृत्त टाइप करतो. काम झालं की पुढच्या वार्षिक सभेची तयारी म्हणून तो उभा राहतो, छाती फुगवतो आणि मोठ्यानं "नकार, नकार" असं म्हणून बघतो. वेरनाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येतं. आवाज छान लागतो त्याचा, ती मॅव्हिसबाईंना सांगते; जेवायला हाक मारली की मात्र लगेच "हो" म्हणतो.